सर्व्हर रूममधली ओढणी

माझं काम ऐकायला भारी आणि करायला कंटाळवाणं होतं. परदेशी विमा कंपनीचे क्लेम तपासणाऱ्या, हडपसरच्या पुढच्या एका ऑफिसात मी नेटवर्क सांभाळायची. म्हणजे दिवसभर स्क्रीनपुढे बसून कोण लॉगिन झालं, कोण बराच वेळ गप्प आहे, कुठला सर्व्हर दमलाय, यावर नजर ठेवायची. पुण्यात तेव्हा जिकडेतिकडे काचेच्या इमारती उठत होत्या आणि सदाशिव पेठेतले माझे नातेवाईक मला 'कॉम्प्युटरची वॉचमन' म्हणत. मला ते झोंबायचं, कारण ते खरंच होतं.

त्या उन्हाळ्यात क्लेमचा सर्व्हर रोज दुपारी मान टाकायला लागला. जेवणाची सुट्टी संपली की सर्व्हर रूमच्या तापमानाच्या आलेखाला एक उंचवटा यायचा, पाठोपाठ सर्व्हर रेंगाळायचा आणि हॉलमधून फोन सुरू व्हायचे. "मॅडम, झोपला का तुमचा सर्व्हर?" चालू असला की कंपनीचा, बंद पडला की माझा! एसीवाला येऊन गेला, पंखे बदलले, धूळ झटकली. फरक शून्य.

शेवटी मी लॉगिनच्या नोंदी आलेखाशेजारी ठेवून पाहिल्या. उंचवटा यायच्या जरा आधी रोज एकच लॉगिन गप्प होत होतं. बॅकअप बघणाऱ्या नव्या मुलीचं. माहिती साठवायच्या टेपा रोज बदलायच्या म्हणून सर्व्हर रूमची दुसरी किल्ली तिच्याकडे असायची. मी मनात म्हटलं, सापडलात बाई, एसीत झोपा काढताय होय! आणि दुसऱ्या दिवशी तावातावानं जाऊन दार उघडलं.

तोंडावर गरम वाफ आली. सर्व्हर ठेवलेल्या रॅकच्या मुठीपासून एसीच्या पाइपापर्यंत एक ओढणी पडद्यासारखी ताणून बांधली होती. सगळा गारवा ओढणीच्या पलीकडे आणि सर्व्हर बिचारे अलीकडे तापत होते. मी ओढणीला हात घालणार तेवढ्यात पलीकडून आवाज आला.

"दोन मिनिटं थांबा ना, मॅडम."

ती बाहेर आली ती कुर्त्याची बटणं लावत. हातात स्टीलचा छोटा डबा होता आणि त्यात तिनं नुकतंच काढलेलं दूध. माझा सगळा ताव तिथंच उतरला. अमरावतीकडची ही मुलगी नवऱ्याबरोबर मांजरीच्या एका नव्या सोसायटीत राहायची. तान्ही लेक घरी आजीपाशी. बाळंतपणानंतरची ही पहिली नोकरी आणि ती अजून कायम व्हायची होती.

"पावडरचं दूध टिकतच नाही हो तिच्या पोटात," ती म्हणाली. "आणि बाथरूममध्ये रांग राहते. कुठं जाऊ मी?"

"अगं, पण निदान डबा तरी कँटीनच्या फ्रिजमध्ये ठेवायचास."

"ठेवला होता. कोणीतरी चहात टाकून देलं."

"कधी?"

"सोमवारी."

सोमवारी मी दोनदा चहा प्यायले होते. माझं तोंड बघून तिला हसू आलं, मग मलाही आलं आणि हसता हसता ती रडायला लागली. मी तिला दुसरा कोपरा दाखवला. ओढणी इथं बांध, एसीच्या आड नको, म्हटलं. सर्व्हरचं दुखणं एवढंच होतं. माझ्या दृष्टीनं विषय संपला होता.

साहेबांच्या दृष्टीनं नव्हता. संध्याकाळी ते हॉलमध्येच माझ्या टेबलापाशी आले.

"कारण सापडलं?"

"सापडलं. एसीचा झोत अडत होता. आता अडणार नाही."

"कोणामुळे अडत होता?"

"आता अडणार नाही म्हटलं ना."

"मी नाव विचारलं."

"हो, ऐकलं मी."

साहेब लाल झाले. आत कुणीतरी झोपा काढतं, असं त्यांनीही धरून टाकलं. मग सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "सर्व्हर रूममध्ये दुपारची विश्रांती घेणाऱ्यांना मी कायमची विश्रांती देईन." खाली माना घातलेल्यांत तीही होती.

पुढचे दोन दिवस आलेख सपाट आला. हॉलमधून एक फोन नाही. साहेबांनी "वा" म्हटलं, आणि ते सहसा कुणाला वा म्हणत नसत. मीही खुशीत होते. दुसऱ्या दुपारी माझ्या लक्षात आलं की तिचं लॉगिन आता गप्प होतच नाही. ती जागेवरून उठतच नव्हती. मग मात्र ती सरळ रेघ मला बघवेना.

मी तिच्या टेबलाशी गेले. फाइल छातीशी धरून ती एका हातानं टाइप करत होती. कपाळ तव्यासारखं तापलेलं.

"दुधाच्या गाठी झाल्या, मॅडम," ती पुटपुटली. "तिकडे पोरगी रात्रभर रडते. मी उद्या राजीनामा देते."

"दे हो. आधी ऊठ."

तिला आत पाठवून मी दार बाहेरून लावलं आणि खुर्ची ओढून दारापुढे बसले. थोड्याच वेळात साहेब आले.

"अहो, इथे काय बसलाय? आत कोण आहे?"

"आत एक आई बाळासाठी दूध काढतेय," मी म्हटलं. "दोन दिवस तुमच्या धाकानं उठली नाही, आता तिला ताप भरलाय. नाव हवं होतं ना तुम्हाला? सांगते. पण तिला काढायचं तर मलाही काढा. कडी मी लावलीय."

साहेब बंद दाराकडे बघत राहिले. मग दाराशेजारी बाहेरच्या भिंतीवर दिसणाऱ्या एसीच्या आकड्याकडे त्यांचं लक्ष गेलं.

"तापात एवढा गारठा बरा नाही," ते म्हणाले. "कमी करा थोडा."

"सर्व्हर मंदावेल."

"मंदावू दे."

मी उठून गारवा कमी केला. यथावकाश माझ्या टेबलावरचा फोन वाजला, तो साहेबांनी स्वतः घेतला आणि "आज वेळ लागेल" म्हणून ठेवून दिला. तेवढ्यात तिनं आतून दार वाजवलं. मी कडी काढली. समोर साहेबांना बघून तिनं डबा ओढणीखाली घेतला.

"टेपा बदलून झाल्या?" त्यांनी विचारलं.

"हो, सर."

"मग रोज याच वेळेला बदलत जा," असं म्हणून ते वळले आणि गेले.

तिला उभं राहवेना. मी तिला खुर्चीवर बसवलं आणि डबा हातात घेतला. दुधानं जेमतेम तळ झाकला होता, पण डबा कोमट होता.