बिछान्यावरचा दिवा

जुन्या पिकअपच्या पाठीवर बसवलेली ती पत्र्याची खोली आम्ही गाडीसकट एका बाईंकडून विकत घेतली. त्यांच्या यजमानांनी ती फिरण्यासाठी स्वतः बांधली होती. ते वर्षापूर्वी गेले. कोणती वायर कुठे जाते हे आता कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून वायरमन रफीकभाईंना बोलावलं. भर दुपारी त्यांनी गाडीची बॅटरी सोडवली, बाहेरून येणारी केबलही काढली. तरी आत बिछान्याच्या वरचा छोटा पिवळा दिवा जळतच राहिला.

"याला करंट येतो कुठून?" रफीकभाई हळूच म्हणाले.

शेवटी फळीमागे दुसरी बॅटरी सापडली, टपावरच्या सोलर पॅनेलला जोडलेली. दिव्याला बटण मात्र नव्हतंच. मी बाईंना फोन केला.

"मला अंधारात झोप येत नाही, म्हणून त्यांनी तो कायमचा लावून ठेवला," त्या म्हणाल्या. "अजून चालू आहे?"

म्हणजे वर्षभर, बंद गाडीत, रिकाम्या बिछान्यावर तो उजेड पडत होता. माणूस जातो, पण त्याच्या काळजीला ते कोण सांगणार?

"वायर तोडू का?" रफीकभाईंनी पक्कड उचलली.

"थांबा," फोनमधून बाईंचा आवाज आला. "मी येते. एकदा त्या दिव्याखाली पडते, मग तोडा."