रिकामी साइडकार

महूच्या लष्करी वर्कशॉपमध्ये नथूआजोबांनी नोकरीभर साइडकारच्या गाड्या दुरुस्त केल्या. निवृत्त होताना भंगारातली एक सुदामा नगरच्या घरी आणली, आणि दोन्ही नातवंडं तिच्यावरच वाढली. धम्मपाल हँडलवर, त्याची मोठी बहीण कीर्ती डावीकडच्या साइडकारमध्ये. पुढे दोघं शर्यतीत उतरली तेव्हाही तेच. पेपरात नाव यायचं ते चालवणाऱ्याचं.

लोकांना वाटे, ती नुसती बसते. बसायची सोय होती कुठे! उजवं वळण आलं की भावाच्या पाठीमागे झेपावायचं, डावं आलं की बाहेर लोंबकळायचं, कान मातीला लागेल इतकं. तिथे तिचं वजन नसलं तर साइडकारचं चाक उचलतं आणि गाडी उलटते. पलासियाच्या लॅबमध्ये दिवसभर रक्ताच्या नळ्या हाताळताना तिला ती माती कानाशी सरसरताना ऐकू येई, आणि ती एकटीच हसे. आजोबांचा नियम एकच होता: कीर्तीनं पाठीवर हात मारल्याशिवाय धम्मपालनं वेग वाढवायचा नाही.

या हिवाळ्यातल्या शर्यतीत, शेवटच्या फेरीला, ती उजव्या वळणावरून आपल्या जागी परतत होती. हात अजून उचलायचाच होता, तेवढ्यात गाडीनं उसळी घेतली. कीर्ती मातीत, खांदा निखळलेला. धुळीतून तिला दिसलं, भाऊ पुढचं डावं वळण घेऊन मूठ उंचावत पहिला पोचला. जोडीतलं एकच माणूस आलं म्हणून पंचांनी बाद केलं, ते मागाहून.

"बिचाऱ्याला कळलंच नाही गं," आई म्हणाली. सगळेच तसं म्हणाले. आठवड्यानं धम्मपालही पलंगाशी येऊन उभा राहिला.

"कसम से ताई, हेल्मेटमध्ये काय समजतंय! तू मागे आहेस असंच वाटलं."

"पुढचं वळण डावं होतं ना?"

"हो."

"चाक उचललं?"

"नाही. हळू घेतलं मी."

"मी असताना ते वळण कधी हळू घेतलंस, भिया?"

तो नखं बघत पुटपुटला, "जिंकत होतो यार, ताई."

"पुढच्या वेळी वाळूचं पोतं ने. पडलं तर विचारायला येणार नाही."

"असं बोलू नये," आई पोह्यांची बशी ठेवत म्हणाली. "भाऊ आहे तुझा."

कीर्तीनं पोह्यांना हात लावला नाही.

महिन्याभरात शेजारचा नंदू सरावाला येऊ लागला. हलका, चपळ, आणि भारी खुशीत. आई फाटकापर्यंत जाऊन त्याला बजावी, "घट्ट धर रे बाबा." एका सकाळी गळ्यातल्या झोळीत हात अडकवलेली कीर्ती तिच्या मागोमाग आली.

"नंदू, जागेवर पोचलास की त्याच्या पाठीवर हात मारायचा. सांगितलंय त्यानं?"

"नाही दीदी. कशाला?"

धम्मपालनं मान न वळवता गाडीला किक मारली.