ताणलेली तार
काल ग्रीस माखलेल्या तारेचा वास आला आणि ती दुपार आठवली. चौक गावच्या गॅरेजसमोर क्रेन खड्ड्यात गेलेला ट्रक ओढत होती आणि मी ताणलेल्या तारेशेजारी उभी राहून मोबाइलवर शूट करत होते. आजोबांनी मला खसकन ओढून जमिनीवर आपटलं आणि कानाखाली वाजवली. "तार तुटली नाय, पोरीला कशाला मारता, आजोबा?" मेकॅनिक हसला. आजोबा तरुणपणी विमानवाहू नौकेवर होते. "लढाईत आमचं फायटर विमान डेकवर उतरलं, त्याला थांबवायला आडवी ताणलेली तार शेपटीच्या हुकात अडकली न् तुटली," ते ओरडले. "माझ्या शेजारच्याचे दोन्ही पाय कापून गेली रं!" मेकॅनिकनं सगळ्यांना मागं सारलं. आजोबा खाली बसून माझ्या पायांवरून हात फिरवत राहिले. ती थप्पड मी घरी अजून कुणाला सांगितलेली नाही.