चीनची इंग्लंडवर स्वारी

कोल्हापूरकडच्या इतिहासाच्या प्राध्यापकांमध्ये एक विनोद बरीच वर्षं फिरतो आहे. एका बाईनं म्हणे मुलाखतीत सांगितलं, की चीनला अफू मिळेना म्हणून चीननं इंग्लंडवर स्वारी केली. चर्चासत्राच्या मधल्या सुट्टीत, हातात चहाचे कप आले की हा विनोद निघतो आणि मंडळी पोट धरून हसतात. ती बाई म्हणजे माझी वर्गमैत्रीण अक्षता. ते उत्तर तिच्या तोंडात कुठून आलं हे मला ठाऊक आहे, आणि हसणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. म्हणून हे लिहिते आहे.

आम्ही १९९१ साली कोल्हापूरच्या एका कॉलेजात बी.ए.ला होतो. मी राधानगरीकडची, वसतिगृहात राहायची. अक्षता कबनूरहून रोज एसटीनं यायची. तिचे वडील बाळासो यंत्रमागावर कामाला, आई बनाबाई सुताच्या कांड्या भरायला. बौद्ध वस्तीत दोन खोल्यांचं घर, आणि रात्रंदिवस शेजारच्या मागांचा खडखडाट. त्या खडखडाटात अभ्यास करायची सवय झाल्यामुळे कॉलेजच्या ग्रंथालयातल्या शांततेत तिला झोप यायची, यावरून आम्ही तिला फार छळायचो.

इतिहास आम्ही बहुतेकांनी घेतला होता तो पास व्हायला सोपा म्हणून. ज्याला काही जमत नाही त्यानं इतिहास घ्यावा, असा आमच्याकडे समजच आहे. मी त्यातलीच. अक्षता मात्र गुरुप्रसाद सरांचे तास ऐकून इतिहासाला चिकटली.

सर शहरातलेच. तासिकेवर शिकवायचे, म्हणजे कायम नोकरी नाही, जेवढे तास तेवढं मानधन, आणि उन्हाळ्यात तेही नाही. कायम असलेल्या प्राध्यापकांना जे शिकवायचा कंटाळा येई ते सगळं सरांच्या गळ्यात पडे. त्यामुळे हा माणूस सकाळी हडप्पात असायचा, मधल्या तासाला पेशवाईत, आणि जेवणाच्या सुट्टीआधी फ्रान्समध्ये राजाचं डोकं उडवून मोकळा व्हायचा. पण काय शिकवायचे! मागच्या बाकावरची टवाळ पोरंसुद्धा गप्प बसायची. आज मला त्यांचा कितीही संताप येत असला, तरी हे कबूल करायलाच हवं.

दुसरं वर्ष झाल्यावर बाळासोंनी अक्षताला कॉलेजातून काढायचं ठरवलं. सरांना कळलं तसे ते कबनूरला गेले. मी बरोबर होते. बाळासो दारातच म्हणाले, "सर, बी.ए. होऊन तरी काय करणार हाय ही? शेवटी कांड्याच भरायच्या न्हवं?"

सर आत येऊन जमिनीवर मांडी घालून बसले. बनाबाईंनी दिलेला चहा घेतला आणि म्हणाले, "बाळासाहेब, ही पोरगी प्राध्यापक होणार. माझा शब्द."

त्या गल्लीत बाळासोंना साहेब म्हणणारा तो पहिलाच माणूस. बाळासोंच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढं कुणीही काहीही विचारलं तरी त्यांचं एकच उत्तर, "सर म्हनत्यात न्हवं? मग झालं."

तिसऱ्या वर्षाला चीन आणि जपानचा इतिहास होता. ज्या पोरांनी मिरजेपलीकडं रेल्वे पाहिली नव्हती त्यांना सर कँटनच्या बंदरात घेऊन गेले. इंग्रज हिंदुस्थानात पिकवलेली अफू नेऊन चीनमध्ये विकत होते. घरंच्या घरं व्यसनात बुडाली. मग लिन नावाच्या अधिकाऱ्यानं इंग्रज व्यापाऱ्यांच्या अफूच्या पेट्या ताब्यात घेतल्या, खंदक खणले, मीठ आणि चुना घालून ती अफू कालवली आणि समुद्रात सोडून दिली. एवढं विष तुझ्यात सोडतो आहे म्हणून आधी त्यानं समुद्राची क्षमा मागितली. इंग्रज युद्धनौका घेऊन आले, चीन हरला, आणि बुडवलेल्या अफूची भरपाईसुद्धा चीनलाच द्यावी लागली.

अक्षता उभी राहिली. "सर, विकणारे स्वतः ओढत होते का?"

"विकणारा कधी ओढत नसतो," सर म्हणाले.

नंतर कॅन्टीनमध्ये ती मला म्हणाली, "विमल, सरांनी चीनचं म्हणून आमच्या गल्लीतलंच सांगितलं की गं." त्यांच्या गल्लीत एक गावठी दारू विकणारा होता. तो थेंबालाही शिवत नव्हता. बाळासोंना मात्र पगाराच्या दिवशी तिथून धरून आणावं लागे. त्या दिवसापासून चीन तिचा झाला. ते युद्ध ती असं सांगायची, की खंदकाच्या कडेला आपणच उभे आहोत असं वाटावं.

मी बी.एड. केलं आणि जयसिंगपूरच्या एका हायस्कूलला चिकटले. अक्षतानं एम.ए.ला पहिला वर्ग मिळवला आणि प्राध्यापक व्हायला लागते ती सेटची परीक्षा पहिल्या फटक्यात पास झाली. सर तीच परीक्षा तीनदा देऊन जेमतेम पास झाले होते. वय चाळिशीकडं आलेलं, लग्न नोकरीपायी रखडलेलं, घरी अंथरुणाला खिळलेली आई. आणि १९९९ साली कोल्हापूरजवळच्या एका कॉलेजात इतिहासाची एक कायम जागा निघाली. संस्थेचे अध्यक्ष सरांना म्हणाले, जागा तुमचीच, फक्त मुलाखत रीतसर झाली पाहिजे.

रीतसर म्हणजे काय, ते या धंद्यात असणाऱ्यांना सांगायला नको. मुलाखतीला किमान तीन उमेदवार हजर लागतात. एक ठरलेला असतो, दोन डमी. डमीनं यायचं, सही करायची, चार प्रश्नांना गडबडायचं आणि घरी जायचं. सर स्वतः आयुष्यभर दुसऱ्यांसाठी डमी बसत आले होते. आता त्यांना डमी हवे होते. एक कुठला तरी मुलगा मिळाला. दुसरी म्हणून त्यांनी अक्षताला विचारलं.

"आणि तू गेलीस?" मी नंतर तिच्यावर ओरडले होते.

"नको कसं म्हनू? आमच्या घरात खाली बसून चहा प्यालेला मानूस हाय त्यो."

मुलाखतीच्या आदल्या दिवशी सरांनी रिकाम्या वर्गात तिची तयारी करून घेतली. तिनं गप्प बसून चालणार नव्हतं. पहिला वर्ग असलेली मुलगी सगळ्याला "माहीत नाही" म्हणाली, तर बाहेरून येणाऱ्या तज्ज्ञाला वास लागला असता. म्हणून ठामपणे चुकायचं होतं. सर प्रश्न विचारायचे, आणि सवयीनं हिचं उत्तर बरोबर यायचं. सर वैतागायचे. "अगं, असं नाही." अफूच्या युद्धावर तर हिची जीभच वळेना. शेवटी सर म्हणाले, "सगळं उलटं कर. अफू इंग्रजांकडे होती, चीनला हवी होती, मिळेना. म्हणून चीननं इंग्लंडवर स्वारी केली. म्हण बघू." तिनं म्हटलं. सरांनी दोनदा म्हणवून घेतलं. ज्या माणसानं तिला ते युद्ध शिकवलं, त्यानंच ते तिच्या तोंडून पुसून घेतलं.

दुसऱ्या दिवशी तज्ज्ञांनी नेमकं तेच विचारलं. ते विद्यापीठातले वजनदार गृहस्थ होते, आसपासच्या सगळ्या मुलाखतींना तेच असायचे. अक्षतानं शिकवल्याप्रमाणे उत्तर दिलं. तज्ज्ञ आधी बघतच राहिले, मग चष्मा काढून हसले. सरांना नोकरी लागली. पेढे घेऊन ते कबनूरला गेले आणि बाळासोंना म्हणाले, "माझ्या कॉलेजात पुढची जागा निघाली की ती अक्षताची."

पुढची जागा निघायला आठ वर्षं गेली. मध्ये भरतीच बंद होती. अक्षता सरांच्याच कॉलेजात तासिकेवर शिकवू लागली. हडप्पा, पेशवाई, फ्रान्स, जे पडेल ते. सरांचं लग्न झालं, मुलगी झाली, घर झालं, ते विभागप्रमुख झाले. हिला दोन स्थळं आली. पक्की नोकरी नाही म्हणून एकानं नाकारलं आणि जास्त शिकलेली म्हणून दुसऱ्यानं. आणि तो विनोद फिरत राहिला. एका चर्चासत्रात ही नोंदणीच्या टेबलावर बसली असताना तज्ज्ञांनी तिच्यासमोरच तो सांगितला. त्यांनी तिला ओळखलं नाही. सगळे हसले.

"मग तू काय केलंस?" मी विचारलं.

"मी बी हसलो की."

२००७ साली जागा निघाली, राखीव. या वेळी कुणी ठरलेलं नव्हतं. उमेदवार तीन, तिन्ही खरे. अक्षताचं वय छत्तीसच्या घरात आलेलं. बाळासो तेव्हा दम्यानं बेजार होते, माग सुटला होता, दारूही सुटली होती. मुलाखतीच्या सकाळी त्यांनी तिला एवढंच विचारलं, "सर हाईत न्हवं तितं?" ती म्हणाली, "हाईत." मग ते निवांत झाले.

समितीत पाच-सहा जण होते. मधोमध अध्यक्ष, त्यांच्या बाजूला तेच तज्ज्ञ, आणि कडेला विभागप्रमुख म्हणून गुरुप्रसाद सर. अर्ध्या प्रश्नांपर्यंत सगळं उत्तम चाललं होतं. मग तज्ज्ञ तिच्याकडे निरखून बघायला लागले. त्यांनी अर्ज पुन्हा चाळला आणि विचारलं, "अफूच्या युद्धाबद्दल सांगा."

तिनं सांगितलं. कँटन, पेट्या, खंदक, मीठ, चुना, समुद्राची मागितलेली क्षमा, सगळं. मला ती म्हणाली, की इतकं चांगलं तिला वर्गातही कधी जमलं नव्हतं.

तज्ज्ञ हसून अध्यक्षांना म्हणाले, "मागच्या मुलाखतीत यांनी चीनची इंग्लंडवर स्वारी घडवली होती. ती हीच बाई. आज पाठ करून आलेल्या दिसतात. उद्या वर्गात कोणता इतिहास शिकवतील, सांगता येत नाही." सगळे हसले.

अक्षतानं सरांकडे पाहिलं. एक वाक्य पुरेसं होतं. "ती माझ्या सांगण्यावरून चुकली होती," एवढंच सरांनी म्हणायचं होतं. पण ते वाक्य बोललं की आपली स्वतःची मुलाखत खोटी होती, हे सरांना अध्यक्षांच्या शेजारी बसून सगळ्यांसमोर कबूल करावं लागलं असतं. नोकरी, घर, मुलीची शाळा, सगळं टांगणीला लागलं असतं. मला हे सगळं कळतं. कळूनही राग जात नाही.

सरांनी पाण्याचा ग्लास तिच्याकडे सरकवला. "पाणी घ्या, मॅडम," म्हणाले.

ती पाणी प्यायली. जागा दुसऱ्या उमेदवाराला मिळाली. तो मुलगा चांगला आहे, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही.

अक्षता संध्याकाळी जयसिंगपूरला माझ्याकडे आली आणि सगळं सांगितलं. मी म्हटलं, तक्रार कर, वर्तमानपत्रात दे, मी येते साक्षीला. ती म्हणाली, "काय लिहू? मी खोटं बोललो हुतो, हेच न्हवं?" आपलेच दात आणि आपलेच ओठ. गरज सरो, वैद्य मरो, असं मी सरांना चार लोकांत सुनवायला निघाले होते. तिनं मला शपथ घातली.

घरी बाळासो दारातच बसले होते. त्यांनी विचारलं, "सर हुतं न्हवं? मग कसं झालं आसं?"

त्या माणसानं त्या घरात खाली बसून चहा घेतला होता. ते तेवढं तिला मोडायचं नव्हतं. ती म्हणाली, "माझं उत्तर चुकलं, आबा."

बाळासो चौकट धरून उठले. मग म्हणाले, "इतकं शिकून बी?"

त्या पावसाळ्यात ते गेले. लेकीचं उत्तर चुकलं, हेच घेऊन गेले. याबद्दल मी सरांना कधीच माफ करणार नाही.

बाळासोंचा जलदानविधी झाल्यावर अक्षता पुन्हा तासिकेवर रुजू झाली, कारण दुसरीकडे जाणार कुठं? सरांनी तिला स्टाफरूममध्ये एकटीला गाठलं. मान खाली घालून म्हणाले, "अक्षता, त्या दिवशी मी बोलायला हवं होतं. पण तू जरा माझ्या जागी येऊन बघ..."

"सर," ती म्हणाली, "मी दोन्ही वेळा तुम्ही शिकवलेलंच सांगितलं."

त्यानंतर त्या दोघांत कामापुरतंच बोलणं होतं. चीन-जपानचा पेपर आजही अक्षताकडेच आहे. इंग्रज कँटनला पोचेपर्यंत ती शिकवते. मग पुस्तक मिटते आणि पोरांना सांगते, "पुढचं तेवढं गुरुप्रसाद सर शिकवतील." पोरं सरांकडे जातात. सर म्हणतात, "गाइडमधून वाचून घ्या."