कार्ल्सरुहेची तार आणि माझी गाडी

वर्धा स्टेशनवर गाडी हलली तरी माझी धाकटी बहीण शांता खिडकीचा गज सोडेना. "दोन महिने म्हणजे दोन महिने, ताई. पुणेवाली होऊ नको." मी शब्द दिला. शांते, ते दोन महिने इतके कसे लांबले, ते आज खरं सांगते. आधी पाणी पिऊन घे.

माझ्या लेकाला, मिलिंदला, पुण्यात हडपसरला सॉफ्टवेअरमध्ये नोकरी लागली होती. कंपनीचं गिऱ्हाईक जर्मन, म्हणून तो सदाशिव पेठेत जर्मनच्या क्लासला जायचा. मी दिवसभर चौथ्या मजल्यावर एकटी. आपल्याकडे दार उघडलं की माणूस दिसतो, इथे दाराच्या भोकातून आधी माणूस बघायचा आणि मग दार उघडायचं की नाही ते ठरवायचं. सोसायटीच्या बाकावर बायका बसत, तिथे गेले. तिसऱ्या मजल्यावरच्या जोशीबाईंनी विचारलं, "किती दिवस मुक्काम?" मी म्हटलं, "पुढच्या महिन्यात वर्ध्याला जाऊन राहिली." त्या म्हणाल्या, "जाताय की राहताय? एक काय ते ठरवा." आठ दिवस मी बाकाकडे फिरकले नाही.

तेवढ्यात मिलिंदला क्लासमध्ये बोलायला विषय मिळाला, जर्मनीची पहिली राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धा, शंभरेक वर्षांपूर्वीची. रोज माझ्यासमोर आधी जर्मनमध्ये बोलायचा, मग मला कळावं म्हणून मराठीत. मी पोळ्या लाटत ऐकायची. कार्ल्सरुहे गावाचा संघ, त्यांचा सामना प्रागमधल्या जर्मन लोकांच्या संघाशी. ऐनवेळी कार्ल्सरुहेला तार आली, सामना पुढे ढकलला. ते बसले घरी. तार खोटी निघाली, कोणी केली कोण जाणे. प्रागवाले न खेळताच फायनलला, आणि तिथे लाइप्झिगकडून सात-दोननं मार खाऊन परत.

मला तोंडपाठ झालं ते. बाकावर जाऊन आपल्या बोलीत सांगितलं, "तार आली अन् पोट्टे घरीच बसले ना!" बायका हसून लोळल्या. जोशीबाईंना मात्र पटेना. "तार आली म्हणून खात्री करायची नाही? अहो, आम्ही लग्नाची पत्रिका आली तरी जेवण आहे का ते विचारून निघतो." मी म्हटलं, "आमच्याकडे तार फोडायच्या आधीच रडून घेतात. खात्री कोण करते?" तेव्हापासून जोशीबाई बाकावर माझी जागा धरून ठेवू लागल्या.

मग निघायचा दिवस आला. बॅग दारात, दुपारी फोन वाजला. "स्टेशनवरून बोलतेय. आपली वर्ध्याची गाडी आज रद्द आहे."

"मग उद्याची?"

"तीही. आपण घाई करू नये."

स्टेशनवरचं माणूस कधी 'आपण' म्हणतं का, सांग. त्यात फोनमध्ये कुकरची शिट्टी झाली, आणि तीच शिट्टी मला खालच्या मजल्यावरूनही ऐकू आली.

"बरं झालं सांगितलंत," म्हणून मी फोन ठेवला. मिलिंद म्हणाला, स्टेशनवर विचारून बघतो. मी म्हटलं, "कशाला? रेल्वे काय खोटं बोलते?" पातळं कपाटात लावली आणि तुला फोन केला. तू म्हणालीस, "रेल्वेचं काही खरं नाही, ताई." तू रडली असतीस तर बरं झालं असतं.

घर कुठलं म्हणून कोणी विचारलं तर मी अजून वर्धाच सांगते. तिथे माझी वाट बघणारी तू आहेस. पण मी जाऊ नये म्हणून खोटं बोलणारं माणूस इथे भेटलं, आणि मला ते सोडवेना. गाडी त्या दिवशी आली होती, शांते. वेळेवर आली आणि माझ्याशिवाय गेली.