सकाळचं खाणं

रेवसहून सकाळच्या लाँचने मुंबईला जाताना ती मला आठवड्यातून दोनदा दिसायची. अंगाने चांगली जाड, पदराने सारखा घाम टिपणारी. सोबत काडीसारखा वाळलेला नवरा. मुंबईच्या इस्पितळात त्याचं डायलिसिस चालू होतं. तिचं नाव मी कधी विचारलं नाही.

एकदा मी डब्यातलं घावन पुढे केलं, तर तिने हात जोडले.

"नको ताई. माझी किडनी यांना चालते, पण डॉक्टर म्हणतात, आधी वजन उतरवा. म्हणून सकालचं खाणंच सोडलंय. उतरंल ना?"

"नुसती न्याहारी सोडून नाही उतरत," मी म्हटलं. "दिवसभरात काय नि किती खातो, त्यावर असतं. सकाळी थोडं खाल्लंत तरी चालेल."

तिने शेजारी डोळे मिटून बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"यांना पाणीसुद्धा मोजून मिलतं. यांच्यासमोर मला घास जात न्हाय."

पावसाळाभर लाँच बंद, म्हणून मी एसटीने गेले. नंतर पुन्हा लाँच धरली, तेव्हा ती एकटीच आली. मी आधी ओळखलंच नाही. गाल आत गेले होते, ब्लाउज खांद्यावरून ओघळत होता. ती माझ्या शेजारी येऊन बसली.

"उतरलं ताई वजन," ती म्हणाली. "डॉक्टर व्हय म्हणाले होते. हेच थांबले न्हाईत."

मी तिचा हात धरला. भाऊचा धक्का येईपर्यंत तिने तो सोडवून घेतला नाही.