एक्केचाळीस नंबरची गाय

शनिवारी सकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी आश्लेषा गावंडे सातव्या रानडुकरावर नेम धरत होती. लोखंडी जाळीच्या गोल पिंजऱ्यात रात्रीतून अकरा शिरली होती. सहा चिखलात आडवी झाली होती आणि उरलेली पाच त्यांच्यावरून उड्या मारत जाळीवर डोकी आपटत होती. एकाने धडका देऊन स्वतःचा जबडा फोडून घेतला होता. आश्लेषा घाई करत नसे. डुक्कर क्षणभर थांबलं की कानामागे एक गोळी. सहाला पाच मिनिटं असताना तिने बंदूक रिकामी केली आणि ट्रॅक्टर आणायला गेली. रानडुकरं हरणांची नुकती जन्मलेली पिल्लं जिवंत खातात. या वसंतात त्यांनी नऊ खाल्ली होती. तिच्या नोकरीत हे काम आठवड्यातून दोनदा असतं.

टेक्सासमध्ये सॅन अँटोनियोच्या वायव्येला, चुनखडीच्या टेकड्यांत, तिचा मालक क्ले याची नऊशे एकर जमीन आहे. तिथे सहा कॅनव्हासचे तंबू, एक जेवणाचा तंबू, कंदील, बादलीच्या पाण्याचा शॉवर आणि कुंपणाच्या आत आफ्रिकेतली जनावरं आहेत: झेब्रे, शहामृग, काळविटासारखी मोठी हरणं आणि लांब शिंगांची वाटुसी गुरं. कॅम्पचं नाव ‘थ्री कुडू’. कुडू म्हणजे पिळदार शिंगांचं आफ्रिकी हरीण; ते आता एकही नाही. दोन न्यूमोनियाने गेले, तिसरा विजेला घाबरून कुंपणावर धडकला आणि मान मोडून मेला.

आश्लेषा अकोल्याची. नागपूरला पशुवैद्यकाची पदवी घेतली, एम.एस.साठी टेक्सासला आली, त्याला अकरा वर्षं झाली. इथली परवान्याची परीक्षा अजून व्हायची आहे, म्हणून कागदावर ती डॉक्टर नाही, जनावरांची व्यवस्थापक आहे. वय अडतीस. उजव्या हाताची करंगळी झेब्र्याने चावून नेली, ती परत बसवता आली नाही.

एक्केचाळीस हा वाटुसी गाईच्या कानातल्या बिल्ल्याचा आकडा. वजन पाचशे किलो, एका शिंगाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत अंतर सहा फूट. मार्चमध्ये तिने कुंपण दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या तीन फासळ्या मोडल्या. क्ले त्याच दिवशी रायफल घेऊन निघाला होता. आश्लेषा आडवी गेली. गाय गाभण आहे, विते तोवर आणि वासरू दुधावरून सुटं होईतोवर थांबा, जबाबदारी माझी, असं म्हणाली.

“ठीक आहे,” क्ले म्हणाला. “पण पुढच्या माणसाला तिचं शिंग लागलं, तर गोळी. आणि ती तू घालायचीस.”

गुरुवारी दुपारी एक्केचाळीस व्याली. कालवड झाली, सतरा किलोची. आश्लेषाने दोघींना वेगळ्या वाड्यात घातलं, फाटकाला आतून विजेची तार ओढली आणि इंग्रजीत लाल अक्षरांची पाटी लावली. वासरू सुटं व्हायला आठ महिने होते. तोवर त्या फाटकाच्या आत कुणी जाऊ नये, एवढंच तिला बघायचं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी टेक्सासमधल्याच प्लेनोहून एक मराठी कुटुंब आलं: मोहन निघोजकर, त्याची बायको सुलेखा आणि साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आलेली त्याची आई, शोभाकाकू. लाँग वीकेंड होता. जेवायला बसल्यावर आश्लेषा मराठी आहे हे कळलं आणि टेबलावरची भाषा बदलली.

“टांझानियाची तिकिटं काढली होती यार,” मोहन म्हणाला. “लॉयर म्हणाला, आत्ता कंट्रीबाहेर पाऊल टाकू नका, परत येताना व्हिसा स्टॅम्पिंगला अडकाल. सगळं कॅन्सल केलं. मग सुलेखाने हे शोधलं. आफ्रिका, विदाउट व्हिसा.”

“सिंह नाहीये पण,” सुलेखा म्हणाली.

“सिंह घरी आहे,” काकू म्हणाल्या. “सकाळी चहा मिळेपर्यंत गुरगुरतो.”

काकूंनी फॉइलमध्ये गुंडाळून चाळीस पोळ्या आणल्या होत्या. सगळ्यांत वरची पोळी त्यांनी काढली, रुमालात बांधली आणि बाजूला ठेवली.

“गोग्रास,” सुलेखा आश्लेषाला म्हणाली. “प्लेनोत रोज पहिली पोळी गाईची. गाय कुठंय? मग संध्याकाळी ती मी खाते. चार महिने झाले, ताई, मीच यांची गाय आहे.”

“दूध देत नाहीस तेवढं,” काकू म्हणाल्या.

आश्लेषा हसली. मग तिने नेहमीच्या सूचना दिल्या. शहामृग लाथ मारतो ती पुढे, पोट फाटतं. झेब्र्याच्या तोंडाजवळ हात नेऊ नका. आणि खालच्या वाड्यात व्यालेली गाय आहे, तिकडे फिरकू नका.

“कालची का परवाची?” काकूंनी विचारलं.

“कालची. गुरुवारची.”

“कालवड की गोऱ्हा?”

“कालवड.”

“बरं झालं बाई,” काकू म्हणाल्या. आश्लेषाला तो म्हाताऱ्या माणसाचा साधा आनंद वाटला. अकोल्यात तिच्या आईनेही आयुष्यभर पहिली पोळी दारातल्या गाईला घातली होती. हे कुटुंब जेवत असताना रुमालातल्या पोळीकडे बघून पुढचं तिच्याच लक्षात यायला हवं होतं. क्लेच्या येणं शक्य नव्हतं.

शनिवारी अकरा वाजून दहा मिनिटांनी शोभाकाकू एकट्या खालच्या वाड्याच्या फाटकाशी आल्या. पंजाबी ड्रेस, पायांत पांढरे स्नीकर्स, एका हातात रुमाल, दुसऱ्यात हळदीकुंकवाची छोटी डबी. पाटी त्यांनी वाचली. त्यांना इंग्रजी वाचता येतं. पाटी नवख्यांसाठी असते आणि आपण गाईला नवख्या नाही, असं त्यांनी नंतर हॉस्पिटलात सांगितलं. विजेच्या तारेला पिवळी प्लास्टिकची मूठ होती. ती धरून त्यांनी तार सोडवली, आत गेल्या आणि वासरू बाहेर पडू नये म्हणून शिस्तीने परत अडकवली.

गाय ओकच्या सावलीत होती. वासरू मागे बसलं होतं. काकू “ये गं, ये” म्हणत पंधरा पावलं गेल्या. गाईने मान खाली घातली. कुंकू लावून घ्यायला वाकली, असं काकूंना वाटलं. त्यांनी डबी उघडली.

वाटुसी सरळ भोसकत नाही. ती मान बाजूला फेकते. डावं शिंग काकूंच्या मांडीत वरच्या बाजूला घुसलं आणि त्यांना उचलून सहा फूट लांब टाकून गेलं. त्या पडल्या तिथे गाय आली, कपाळ त्यांच्या छातीवर ठेवलं आणि दाबलं.

सुलेखा त्यांना शोधत उतारावरून येत होती. तिची किंकाळी दोनशे मीटरवर शहामृगांना खाद्य टाकणाऱ्या आश्लेषाने ऐकली. खाद्याचा ट्रक चालूच होता. तिने तो फाटकावर घातला. फाटक बिजागरीतून उखडलं, तार तुटली. आतलं दृश्य दिसलं तेव्हा गाय दुसऱ्यांदा दाबत होती. आश्लेषाजवळ डुकरांची छोटी बंदूक होती. त्या गोळीने वाटुसीच्या कवटीला खरचटलंही नसतं.

हॉर्न दाबून बघायला वेळ नव्हता. तिने ट्रक गाईच्या खांद्यावर घातला.

हाड मोडल्याचा आवाज ट्रकच्या आत ऐकू आला. गाय कोलमडली, पुढच्या डाव्या पायाशिवाय उठली आणि ट्रककडे वळली. आश्लेषाने गाडी काकू आणि गाय यांच्यामध्ये आडवी लावली आणि पलीकडच्या दाराने खाली उडी मारली. मांडीतून रक्त उसळत होतं, लालभडक, ठोक्यागणिक. तिने मूठ आत घातली आणि दाबून धरली. मागे शिंगाने दाराचा पत्रा फोडला. काच तिच्या पाठीवर पडली.

“सुलेखा! सीटमागे निळा पट्टा आहे. आणि पाना. फेक!”

पलीकडच्या दारापर्यंत धावत आलेल्या सुलेखाने दोन्ही फेकलं. वासरू अडलं की ओढायचा नायलॉनचा पट्टा होता तो. आश्लेषाने तो मांडीला जांघेजवळ गुंडाळला, गाठीत पाना घातला आणि पिळला. काकू ओरडल्या. तिने आणखी दोन वेढे पिळले. रक्त थांबलं. खिशातल्या मार्करने काकूंच्या कपाळावर वेळ लिहिली, ११:१९. इतका वेळ गाय ट्रकला धडका देतच होती. प्रत्येक धडकेला तुटका पाय कातडीवर लोंबकळून हलत होता.

मोहन फोन कानाला लावून धावत आला. “हेलिकॉप्टर निघालंय. आई, माझ्याकडे बघ. आई!”

क्ले रायफल घेऊन आला. वय एकाहत्तर, हात कापतात. त्याने गाईकडे बघितलं, ट्रककडे बघितलं, आणि रायफल आश्लेषाच्या पुढे धरली.

काकूंना ते दिसलं. “मारू नका तिला,” त्या म्हणाल्या. श्वास अर्धाच येत होता. “चूक माझी. मी गेले आत.”

“काकू, पाय मोडलाय तिचा.”

“बांधा की मग. माणसाचा बांधता.”

“एवढं वजन तीन पायांवर राहत नाही. आठ दिवस कुजत मरेल.”

“पोरगी गुरुवारची आहे गं तिची.” काकूंनी तिची बाही धरली. “तू आपल्यातली ना? आपल्यातलं कुणी असं करतं का?”

आश्लेषाने बाही सोडवली. “मोहन,” ती म्हणाली, “त्यांचे कान झाका.”

ती ट्रकला वळसा घालून गेली. गाय तिच्याकडे तोंड करून उभी होती, नाकातून फेस येत होता. डावा डोळा ते उजवं शिंग, उजवा डोळा ते डावं शिंग. या दोन रेषा जिथे छेदतात तिथे मेंदू असतो. नागपूरला दुसऱ्या वर्षी फळ्यावर काढून शिकवलं होतं. एक्केचाळीसने मान खाली घातली. आश्लेषाने तिला चार पावलं येऊ दिलं आणि गोळी घातली. गुडघे एकदम गेले.

हेलिकॉप्टर अकरा पन्नासला उतरलं आणि काकूंना घेऊन गेलं; मोहन आणि सुलेखा गाडीने मागोमाग निघाले.

मेलेल्या गाईच्या सडातून पहिली काही मिनिटं दूध काढता येतं. आश्लेषाने गोळी घातल्याबरोबर सुलेखाला काकूंजवळ बसवलं होतं आणि बादली घेऊन गाईच्या मागे बसली होती. हातांना लागलेलं रक्त पँटला पुसलं आणि काढायला लागली. तिसऱ्या दिवसाचं घट्ट, पिवळसर दूध. पाऊण लिटर निघालं. चौथं सड कोरडं लागलं तेव्हा ती उठली.

“डोकं ठेवू,” क्ले म्हणाला. “जेवणाच्या तंबूत शोभेल.”

“नाही.”

“ती शिंगं सहा फुटांची आहेत.”

“मोजलीत मी. खड्डा खणायला यंत्र द्या.”

क्ले यंत्राची किल्ली देऊन गेला. गाय पूर्ण पुरायला नऊ फूट खोल जावं लागलं. खाली चुनखडी लागली आणि काम तीन तास चाललं.

चारला सुलेखाचा फोन आला. “ऑपरेशन झालं. पाय राहिला. चार फासळ्या गेल्यात. फुप्फुसात नळी घातलीय.”

“शुद्धीवर?”

“आल्या ना. आधी तुम्हाला चांगले शिव्याशाप दिले. मग मला विचारतात, वासराला कोण पाजतंय?”

“मी.”

“सांगते. खूश होणार नाहीत.”

“नकोत होऊ.”

वासरू ओकखाली, आई पडली होती त्या ओल्या मातीचा वास घेत उभं होतं. बाटली तोंडाशी नेली तर लाथ मारून पळालं. तीनदा पळालं. चौथ्यांदा आश्लेषाने ते कुंपणाच्या कोपऱ्यात दाबलं, मान काखेत घेतली, जबडा बोटांनी उघडला आणि निपल आत सारलं. ते थुंकलं. तिने पुन्हा सारलं. ते गुदमरलं, खोकललं, तिच्या मनगटाला चावलं, आणि मग एकदम ओढायला लागलं. पाऊण लिटर सहा मिनिटांत संपलं. ते आईचं शेवटचं होतं. कोठारात पावडरची पिशवी आहे. वासराला दिवसातून तीन बाटल्या लागतात. उद्याची पहिली सकाळी सहाला आहे: एक लिटर पाणी, एकशे चाळीस ग्रॅम पावडर, एकशे दोन अंश फॅरेनहाइट.